हँडल एकदाच ओढावे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि चौकशीला बसलेल्या साहेबांसमोर तर नाहीच. बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती असताना कितीदा वाटायचं, आज जेवणं झाली की हिला सांगून टाकू — आणि जेवणं झाली की मी पेपर उघडायचो. मी वाढलो गिरगावातल्या चाळीत. तळमजल्यावर बोंबील तळले की तिसऱ्या माळ्यावर कळायचं. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसानं एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवायची म्हणजे काय, याची कल्पना तुम्हाला येईल. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

आधी मी कोण, ते सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. मी एकटा बंबखान्यात, म्हणजे अग्निशमन दलात गेलो, म्हणून वडील सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांच्या मते हा भल्या घरच्या मुलाचा धंदा नव्हे. पण मी चढत गेलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई रस्त्यावर उतरली, त्या वर्षांत दलातला दोन नंबरचा अधिकारी मी होतो. मोठे साहेब सरकारी बैठकांत अडकलेले असत, त्यामुळे कुठला बंब कुठं जाणार हे मीच ठरवत असे. माझ्या शब्दावर गाड्या सुटत. त्याचा मला अभिमान होता, का नसावा?

माझी खुर्ची कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतीवर एक लाकडी फळा होता आणि त्यावर ओळीनं पितळी झाकणं. तेव्हा नाक्यानाक्यावर खांबाला लाल पेटी असायची, ती तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. काच फोडायची, आतलं हँडल ओढायचं. हँडल ओढलं की आमच्या फळ्यावर त्या नंबरचं झाकण खट्‌कन खाली पडायचं, आणि झाकण पडलं की घंटा. एवढं साधं काम. घरोघरी टेलिफोन कुठे होते? लालबाग-परळच्या माणसाला बंब बोलवायचा तर ती लाल पेटी हाच आधार होता.

या पेट्या कशा वापरायच्या, ते चाळीचाळींत जाऊन शिकवायची कल्पना माझीच. मी मोठा अधिकारी, मला जायची काही गरज नव्हती. पण मला ते आवडायचं. अंगणात बायका, माणसं जमायची, मी खुर्चीवर उभा राहून बोलायचो. तीन गोष्टी सांगायचो. काच फोडा. हँडल ओढा. आणि बंब येईपर्यंत पेटी सोडून हलू नका — काहीही झालं तरी हलू नका. कारण बंब पेटीपाशी येतो, आगीपाशी नाही. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या चाळी सारख्या. पेटीपाशी वाट दाखवायला माणूस नसेल तर बंब गल्ल्यांमधून फिरत राहतो आणि घर जळून जातं. ही तिसरी गोष्ट मी तीन-तीनदा घोकवून घ्यायचो.

लालबागच्या मागच्या बाजूला एका चाळीत मी असाच गेलो होतो. शेवटी विचारलं, कोण म्हणून दाखवेल? मग एक बाई पुढं झाली, तिशीची असेल, हातात तांदूळ पाखडायचं सूप तसंच. तिनं तिन्ही गोष्टी मालवणीत धडाधडा म्हणून दाखवल्या. लोक हसले. मी म्हणालो, या बाईंना माझ्या खुर्चीवर बसवायला हवं. तिचं नाव सुमती परब. नवरा गिरणीत होता आणि चळवळीतही होता. घरात अंगावरून वारं गेलेली सासू. ती अंथरुणावरच असायची. हे मला नंतर कळलं. नंतर मला बरंच काही कळलं.

आता त्या दिवसाचं.

गोळीबाराचे दिवस होते. दुकानं बंद, ट्राम बंद, रस्त्यात दगडांचा खच. आणि कुणीतरी पेट्या ओढत होतं. बंब निघायचा, पेटीपाशी पोचायचा तर तिथं कुणी नाही आणि आग नाही. येता-जाता मात्र दगड. सरकारची गाडी ती सरकारची गाडी, लोकांना बंब काय आणि पोलीस काय. त्रेचाळीस नंबरची पेटी — लालबागच्या त्याच मागच्या गल्लीच्या तोंडाची — सकाळपासून सातदा वाजली होती. सातदा बंब जाऊन मोकळा परत आला. सातव्या वेळी माझ्या एका फायरमनच्या कपाळावर दगड बसला आणि त्याला तसाच रक्तबंबाळ घेऊन आले. मला संताप आला. चळवळ मला हवी होती, मुंबई आपलीच हे मीही घरात ओरडून सांगायचो, पण आमच्या पोरांची डोकी कशाला फोडता?

नियम असा होता की एखादी पेटी बंद ठेवायची असेल तर वहीत तशी नोंद करायची, आणि त्या पेटीपाशी आपला एक माणूस उभा करायचा. तो नियम लिहिणाऱ्यांत मी होतो.

मी खिशात हात घातला. आदल्या दिवशीचं ट्रामचं एक तिकीट होतं. त्याची चार घड्यांची पट्टी केली आणि त्रेचाळीसच्या झाकणाखाली दाबून बसवली. आता ते झाकण पडणार नव्हतं, आणि घंटाही वाजणार नव्हती. वहीत काही लिहिलं नाही. माणूस पाठवला नाही — दगड खायला कुणाला पाठवू? टेलिफोनवर तावडे म्हणून ऑपरेटर होता, वीस वर्षांची नोकरी झालेला. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. मी त्याला म्हणालो, तासाभरानं काढतो.

विसरलो, असं तुम्हाला सांगू का? सोपं जाईल. चौकशीत कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. तासाभरानं मला नीट आठवलं. मी फळ्याकडे बघितलंसुद्धा. तिकिटाचं टोक दिसत होतं. कंट्रोल रूम सकाळपासून पहिल्यांदाच शांत होती, समोर चहा आला होता. मी मनात म्हणालो, आणखी अर्धा तास.

तो अर्धा तास मी चहा प्यायलो.

तीन वाजून गेल्यावर पोलीस चौकीतून फोन आला. लालबागला चाळ पेटली आहे, कोणी माणूस धावत चौकीवर आलाय. पत्ता ऐकला: त्रेचाळीसचीच गल्ली. मी स्वतः बंबावर चढलो. मोठ्या अधिकाऱ्यानं असं चढायचं नसतं. सगळ्यांना वाटलं, साहेब दगडांची पर्वा न करता निघाले. एकही दगड आला नाही. रस्त्यातल्या माणसांनीच अडथळे बाजूला ओढून आम्हाला वाट करून दिली.

गल्लीच्या तोंडाशी, त्रेचाळीस नंबरच्या खांबाला लागून, ती उभी होती.

डाव्या हातानं खांब धरलेला. उजवा हात पेटीत, हँडलवर. काच सकाळीच फुटली होती, तिची धार तळहातात घुसून मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. मागं तिच्या चाळीतून धूर निघत होता, बायका किंचाळत होत्या, आणि ही पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभी. आमची वाट बघत. बंब थांबला तसा तिनं हात सोडवला आणि गल्लीत दाखवला. रडत नव्हती. अगदी घोकल्यासारखी म्हणाली, "तिसरी चाळ. दुसरो माळो. शेवटची खोली. म्हातारी आत असा."

मी शिकवलं होतं तसं. शब्दन्‌शब्द.

किती वेळ उभी होती? लोक सांगत होते, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. जिना तेव्हा धड होता. सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत ती मागं गेली असती तर सासूला पाठुंगळीला घेऊन खाली आणली असती. ती म्हातारी वजनाला काही नव्हती — हे मी सांगू शकतो, कारण नंतर तिला उचलून खाली आणणाऱ्यांत मी होतो. शेजारणी हिला ओरडून बोलवत होत्या, म्हणे. आणि ही सांगत होती, पेटी सोडून जायचं नाही, साहेबांनी सांगितलंय.

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी मी बोललो असेन. माणूस बोलेल ना?

मी पाणी कुठून घ्यायचं ते बघितलं. शिडी लावायला सांगितली. माझं काम मी उत्तम केलं, आग वरच्या माळ्यावर जाऊ दिली नाही. म्हातारी सोडून कुणी दगावलं नाही, असं लोकांनीच मला येऊन सांगितलं.

परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. अंगावरचे कपडे ओले, धुराचा वास. तावडे टेलिफोनपाशी बसला होता. मी सरळ फळ्याकडे गेलो आणि बोटाच्या चिमटीत धरून तिकीट ओढून काढलं. एवढंच माझ्या डोक्यात होतं, ते तिथं दिसता कामा नये.

झाकण पडलं.

खट्‌कन पडलं आणि घंटा वाजायला लागली. यंत्र मला माहीत होतं, त्याचा खिळान्‌खिळा मला माहीत होता, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिचं हँडल दोन तासांपूर्वीच इथपर्यंत येऊन पोचलं होतं. झाकणाची कळ सुटलेलीच होती, फक्त माझ्या तिकिटानं ते अडकून राहिलं होतं. तिची हाक तिकिटामागं दोन तास उभी होती, आणि मी वाट दिली तशी ती आत आली. खाली बंबाची माणसं घसरायच्या खांबावरून सटासट उतरली, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तावडे सवयीनं उठला, वही ओढली, पेन्सिल घेतली, घड्याळ बघितलं. मग माझ्या हातातल्या तिकिटाकडे बघितलं.

"काय लिहू, साहेब?"

मी म्हणालो, "खोटा कॉल."

त्यानं लिहिलं. पाच दहा, त्रेचाळीस, खोटा कॉल. त्याचं अक्षर फार सुरेख होतं. महिन्याभरात त्यानं अर्ज करून गाड्यांच्या दुरुस्तीत बदली मागून घेतली, टेलिफोनवरचा माणूस ग्रीसमध्ये हात घालायला गेला. मीच तो अर्ज मंजूर केला. त्यानंतर तो मला सलाम करायचा, पण माझ्या टेबलावरचा चहा त्यानं कधी घेतला नाही.

मग चौकशी. तीत माझ्या बचावासाठी मला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही, ती वहीच माझ्या बाजूनं बोलली. सकाळी पेटी सातदा वाजली. पाच दहाला पुन्हा वाजली. म्हणजे पेटी चालू होती. मग तीन वाजता ही बाई ओढत होती तेव्हा का नाही वाजली? चौकशीच्या साहेबांनी तिला विचारलं, किती वेळा ओढलं? ती उजव्या हाताला पट्टी बांधून उभी होती. म्हणाली, दोनदा. मग म्हणाली, जास्तच असेल, मी ओढतच होते. साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही तज्ज्ञ. असं ओढल्यानं यंत्र अडकू शकतं का?

नाही. पेटी दहादा ओढा, पन्नासदा ओढा, तिला काही होत नाही. ती घाबरलेल्या माणसासाठीच बनवलेली असते. घाबरलेला माणूस एकदा ओढून थांबतो का कधी?

मी म्हणालो, "शक्य आहे."

दंगेखोरांनी पेटी मोडली असंही मला म्हणता आलं असतं. वरून तशी इच्छाही होती. पण मग गल्लीतली पोरं पकडली गेली असती. मी तसं म्हटलं नाही म्हणून लालबागच्या पुढाऱ्यांनी माझा हात हातात घेतला, खरा मराठी माणूस म्हणाले. मीही मनाला तेच सांगत आलो, की मी चळवळीतल्या पोरांना वाचवलं. बघा, मन किती लबाड असतं. वाचवलं मी एकालाच, आणि तो कोण हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

चौकशीनं शेवटी एक शिफारस केली. शहरातल्या प्रत्येक पेटीवर ठळक अक्षरांत सूचना रंगवावी — हँडल एकदाच ओढावे. मजकूर मंजुरीला माझ्याकडे आला. मी सही केली. रंगारी शिडी घेऊन महिनाभर फिरत होते. गिरगावपासून दादरपर्यंत माझं खोटं खांबाखांबावर पांढऱ्या रंगात लागलं, आणि मी रोज गाडीतून ते वाचत घरी जायचो.

तिचं काय झालं, ते मला उडत-उडत कळत होतं. चळवळीत पकडलेला नवरा तुरुंगातून सुटून आला. आई गेलेली, आणि का गेली ते सगळ्या चाळीला ठाऊक. त्यानं हात उगारला नाही, टाकलंही नाही. तो तिच्याशी बोलेनासा झाला, एवढंच. पुढं काही वर्षं, म्हणे, जेवण वाढ एवढंही तो शेजारच्या मुलीला सांगून तिच्या कानावर घालायचा. आणि चाळीत बायका भांडल्या की एक वाक्य ठरलेलं: जिला पेटी ओढता येत नाही तिनं बोलू नये.

शेवटी राज्य झालं. मुंबईसह झालं. त्या संध्याकाळी लालबागला दिव्यांच्या माळा, रोषणाई, फटाके, म्हणून तिथं आम्ही बंब उभा ठेवला होता. मीही हजर. लोक आमच्या माणसांना पेढे भरवत होते, कुणी माझ्या टोपीवर गुलाल उधळला. मला खरोखरच आनंद झाला होता. एवढ्यात गर्दीतून ती आली. केस अर्धे पांढरे झालेले. हातात द्रोण आणि द्रोणात पेढे. मी एक घेतला. तिच्या तळहातावर आडवा व्रण होता.

ती जाईना. बंब नेमका त्या खांबाजवळच उभा होता. तिनं पेटीकडे बघितलं, वरची अक्षरं बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आजूबाजूला कुणी ऐकू नये असं.

"सायबानू, खरा सांगा. मिया दोनदा ओढलंय, म्हणान वाजूक नाय?"

आतापर्यंत मी जे सांगितलं — तिकीट, चहा, वही, चौकशी — ते सगळं तुम्हाला कदाचित समजून घेता येईल. दंगलीचे दिवस होते, माणूस चुकतो, घाबरतो. पण त्या संध्याकाळी मला कसली भीती होती? चौकशी बंद झालेली. मोठे साहेब निवृत्त झालेले, त्यांच्या खुर्चीवर मी. तावडे सोडला तर साक्षीदार कुणी नव्हता. तिला माझी नोकरी नको होती, भरपाई नको होती. तिला फक्त एक शब्द हवा होता. तो घेऊन ती घरी गेली असती, आणि कदाचित त्या खोलीत कुणीतरी तिच्याशी बोललं असतं.

तोंडात तिचाच पेढा होता. तो गिळून मी म्हणालो, "हो."

तिनं मान हलवली. व्रणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे माझाच चुकला." आणि मला नमस्कार करून गर्दीत गेली. थोड्या अंतरावर तिच्या चाळीतल्या बायका होत्या. ती त्यांना पेटीकडे हात करून काहीतरी समजावून सांगत होती, एक बोट वर करून. एकदाच. एकदाच ओढायचं.

मी पुढं दहा वर्षं नोकरी केली. मला पदक मिळालं. ती चाळ पडली, माणसं पांगली, ती हयात आहे की नाही मला माहीत नाही. मी शोध घेतला नाही. पेट्याही गेल्या. लालबागच्या त्या नाक्यावर खांबाचं लोखंडी बूड तेवढं बराच काळ होतं, नंतर फुटपाथ केला तेव्हा तेही उपटलं.

तिचं नाव सुमती परब. तिनं पहिल्यांदा ओढलं, तेव्हाच ते आमच्यापर्यंत पोचलं होतं.